दोरी

इलाहीभाई शिकलगारांनी आयुष्यभर हळद तोलली,
सांगलीच्या मार्केट यार्डात, मापाडी म्हणून.
निवृत्त झाल्यावर हरिपूरच्या पेवांवर पुस्तक लिहिलं:
तीनशे फुलस्केप, दोन्ही बाजूंनी,
मागची अक्षरं पुढं उमटलेली.
माझ्याकडं आलं ते गोणपाटात बांधून.
माझी लाल शाई त्या कागदावर नारिंगी दिसायची.

पहिल्या चाळीस पानांत मी सभापतींचे आभार कापले,
'थोर' कापलं, 'सुवर्णकाळ' कापला,
'अविस्मरणीय' सात वेळा.
ते एकदाच बोलले:
"ओल्या हळदीचीच एवढी घट निघते."
म्हटलं, ओलीच होती.

पण पेव कसं असतं ते लिहिलं होतं तिथं
एक शब्द हलवता आला नाही.
तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं,
खाली पोट घागरीसारखं सुटलेलं,
भिंतीला उसाचं पाचट.
उघडल्यावर लगेच उतरायचं नाही.
कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
हे वाचून मी हस्तलिखित
दोन दिवस टेबलावर नुसतं उघडं ठेवलं.

पान एकशे अठ्ठ्याऐंशी. हमालीच्या दरांच्या कोष्टकाखाली
एकच ओळ:
'कंदील विझला तरी मल्लाप्पा कोरे उतरला.'
पुढं पुन्हा दर.

इलाहीभाई, पुस्तक इथून सुरू होतं, मी म्हणालो.
"तो माणूस आहे," ते म्हणाले, "सुरुवात नाही."

मी ऐकलं, अर्धं.
ओळ सुरुवातीला घातली नाही, मलपृष्ठावर घातली,
काळ्यावर पिवळ्या अक्षरांत.
जाहिरातीला दुसरं होतं काय आमच्याकडं?

पाचशे प्रती. प्रकाशनाला चौदा माणसं, मांडववाला धरून.
मग आम्ही सौद्यालाच जाऊन बसलो,
पोत्यांच्या थप्पीशेजारी स्टूल टाकून.
एका अडत्यानं पुस्तक काट्यावर ठेवलं:
तीनशे दहा ग्रॅम. "किलोचा काय दर?"
इलाहीभाई वाकून बघत म्हणाले,
"काटा दहा ग्रॅम जास्त दाखवतोय तुमचा."
त्या दिवशी अकरा प्रती गेल्या.
हसून घेतलं लोकांनी, पण घेण्याआधी
प्रत्येकानं मलपृष्ठ वाचलं. मी मोजत होतो.

नवव्या दिवशी गंगव्वा कोरे आल्या.
नातीनं वाचून दाखवलं होतं.
त्यांनी पुस्तक पालथं घातलं, ओळीवर बोट ठेवलं;
ओळीच्या जरा वरच, वाचता येत नव्हतं त्यांना.

"इझला न्हवता," म्हणाल्या. "जळत हुता.
दोरी आखूड हुती. मधीच लोंबत ऱ्हायला कंदील.
मुकादम म्हणला, जळतोय न्हवं, उतर.
इझला आसता तर उतरला नसता.
येडा न्हवता आमचा माणूस."

इलाहीभाई त्या दिवशी काट्यावर होते, यार्डात.
हरिपूर तिथून सायकलनं वीस मिनिटं.
कानावर आलं ते लिहिलं त्यांनी.
आणि मी विचारलंच नाही, तुम्ही तिथं होतात का.
'अविस्मरणीय' कशाला, एवढंच विचारत राहिलो.

उरलेल्या प्रती घरी आणल्या.
चारशे बासष्ट चिठ्ठ्या कापल्या, खळ शिजवली,
पिवळी अक्षरं एकेक झाकत गेलो.
मजकूर इलाहीभाईंचा, मी हात लावला नाही:
'कंदील जळत होता. दोरी आखूड होती.
मल्लाप्पा कोरे बघूनच उतरले.'

गेलेल्या अडतीस प्रतींची नावं त्यांच्या वहीत आहेत,
मापाड्याच्या सवयीनं.
सायकलच्या हँडलला खळीचा डबा अडकवून
ते मिरजेला जाऊन आले, कवठे एकंदला जाऊन आले.
लोक म्हणतात, राहू द्या हो, एवढ्याशा चुकीला काय.
ते चपला काढून आत जातात, चिठ्ठी डकवतात,
तळव्यानं दाबतात, पाणी पिऊन निघतात.

एक प्रत पुण्याला गेली आहे. पत्ता लागत नाही.
तिथं कंदील अजून विझलेलाच.